ट्रॅकसाठी पोलो : पैसे आधी ब्रेकला, मग टायरला, मग शॉकअपला

पत्र : माझ्याकडे २०१७ ची पोलो जीटी टीएसआय आहे, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची. इंजिन रीमॅप केलेलं आहे, बाकी गाडी कंपनीची आहे तशीच. गेल्या हिवाळ्यात कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे केला. पहिल्या तीन फेऱ्या मस्त गेल्या. चौथ्या फेरीत ब्रेकचं पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली गेलं, दोन-तीनदा दाबल्यावर परत आलं. तासाभराने गाडी थंड झाली तेव्हा सगळं पूर्ववत. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा मात्र एका दिवसात खाल्ल्या गेल्या, आणि वळणात गाडी नाक बाहेर काढत होती. आता दीड लाखाचं बजेट आहे. मनात आहे ते असं : मोठं ब्रेक किट, मागच्या ड्रमऐवजी डिस्क, आणि गाडी खाली बसवायला लोअरिंग स्प्रिंग. एका गॅरेजवाल्याने सांगितलं की स्प्रिंग विकत घेण्यापेक्षा आहे त्याच कापून देतो, फरक कळणार नाही. काय करू? — एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

स्प्रिंग कापून घेऊ नका. बाकीचं सगळं बोलू, पण हे आधी.

आता ब्रेक. तुमच्या पत्रातली सर्वात मोलाची ओळ आहे ती ‘पेडल मऊ होऊन खाली गेलं, दोन-तीनदा दाबल्यावर परत आलं’ ही. ब्रेक तापून निकामी होण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि कुठला झाला ते पायालाच कळतं. पेडल दगडासारखं कडक राहिलं, जोर लावूनही गाडी थांबेना, तर पॅड फेड झाले : पॅडमधलं रेझिन जळून त्याची पकड गेली. पेडल मऊ पडून खाली गेलं तर ब्रेक ऑईल उकळलं. ऑईल दाबलं जात नाही, पण उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की वाफ दाबली जाते, आणि तुमच्या पायाचा सगळा जोर ती वाफ चेपण्यात जातो. पुन्हा पुन्हा दाबल्यावर मास्टर सिलिंडर आणखी ऑईल पुढे ढकलतो, म्हणून पेडल परत येतं. तुमच्याकडे हे दुसरं झालं. याला मोठी डिस्क हे पहिलं औषध नव्हे.

थोडा हिशेब मांडू. गाडी, तुम्ही आणि पेट्रोल मिळून सुमारे १,२०० किलो. १४० च्या वेगावरून ६० वर येताना अंदाजे साडेसात लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या ब्रेकवर, म्हणजे एकेका डिस्कच्या वाट्याला अडीच लाखांहून थोडं जास्त. तुमच्या गाडीची पुढची डिस्क पाच-सहा किलोची. बिडाची उष्णता धरायची क्षमता पाहिली तर एका कडक ब्रेकिंगमध्ये डिस्क सुमारे १०० अंश सेल्सिअसने चढते. एका फेरीत असे चार-पाच ब्रेकिंग, मधे वारा लागायला जेमतेम काही सेकंद. डिस्क लगेच तापते. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि त्यातलं ऑईल मागून, हळूहळू तापतं. तीन फेऱ्या ठीक जाऊन चौथीत दगा मिळाला तो यामुळे.

ब्रेक ऑईल म्हणतात खरं, पण ते तेल नाही, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातूनही ते ओलावा पितं, आणि नाशिकचा, त्यातही इगतपुरी-त्र्यंबककडचा पावसाळा त्याला भरपूर ओलावा पुरवतो. डॉट ४ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असायला हवा. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तुमची जुनी सर्व्हिसिंगची बिलं काढा आणि ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं ते शोधा. साध्या वापरातसुद्धा ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि ‘टॉप-अप केलं’ म्हणजे बदललं नव्हे.

तेव्हा पहिली खरेदी रेसिंग दर्जाच्या ऑईलची. मोटुल आरबीएफ ६०० घ्या. त्याचा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या लागतील. डॉट ५ लिहिलेलं सिलिकोनचं ऑईल चुकूनही नको. डॉट ५.१ चालतं, ते वेगळं.

बदलायची पद्धत नीट पाळा, कारण अर्धवट काढलेली हवा पुन्हा त्याच चौथ्या फेरीत भेटते. टाकीतलं जुनं ऑईल सिरिंजने काढून नवं भरा. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने एकेका चाकाचं निप्पल (हवा काढायचा स्क्रू) उघडून, पारदर्शक नळीतून रंग बदलेपर्यंत ऑईल काढा. एका चाकाला दीडशे ते अडीचशे मिलिलिटर लागतं. टाकी मिनिमम खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. खाली गेली तर हवा एबीएस पंपात शिरते आणि मग ती स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय निघत नाही. एक बारीक गोष्ट बऱ्याच गॅरेजमध्ये सुटते : पेडलखाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरची सील नळीच्या शेवटापर्यंत कधी जात नाही, तिथे गंज आणि घाण साचलेली असते. हवा काढताना पेडल थेट तळाला नेलं की सील त्या खरखरीत भागावरून घासते, आणि आठवड्याभराने पेडल आपोआप खाली उतरायला लागतं. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं ते. उरलेली फोडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

दुसरी खरेदी पॅडची, आणि इथे नाशिकचा भूगोल मधे येतो. आपल्याकडे सर्किट नाही. कारी गाठायला चौदाशेच्या आसपास किलोमीटर, चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किटही तितकंच लांब, ग्रेटर नोएडाचं बुद्ध त्याच्यासारखंच दूर. गाडी ट्रेलरवर नेणार नसाल तर त्याच ब्रेकवर हायवे कापायचा आहे. पूर्ण रेसिंगचे पॅड थंड असताना चावतच नाहीत. डिसेंबरच्या पहाटे कसारा घाट उतरताना समोर ट्रक थांबला तर त्या पहिल्या ब्रेकला पॅडची पकड मिळायला हवी. म्हणून रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सांभाळणारा पॅड घ्या, फेरोडो डीएस २५०० त्या जातीचा आहे. थंड असतानाही पकडतो आणि तापल्यावर कंपनीच्या पॅडपेक्षा बराच वेळ टिकतो. थोडी किंचकिंच होईल, रिमवर काळी धूळ जास्त बसेल. ते चालवून घ्या.

पॅडबरोबर डिस्क मोजा. २२ मिमी जाडीची डिस्क असेल तर झिजायची मर्यादा १९ मिमी, आणि ती डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. ट्रॅकवर जायचं तर मर्यादेच्या अर्धा मिमी आधीच बदला, कारण पातळ डिस्क कमी उष्णता धरते. साधी, चांगल्या कंपनीची, भोकं न पाडलेली डिस्कच घ्या. ड्रिल केलेल्या डिस्कला तापून गार होताना भोकांच्या कडेने तडे जातात.

नवे पॅड-डिस्क ‘बेड’ केल्याशिवाय ट्रॅकवर नेऊ नका. समृद्धीवर किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर हा खेळ नको. रिकामा, सरळ, मागेपुढे कोणी नसलेला रस्ता पहाटे शोधा. ८० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, एकदाही पूर्ण न थांबता. मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी चालती ठेवा. यात पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. तापलेल्या पॅडने गाडी थांबवून पेडल दाबून धरलं की त्या जागी पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, डाग पडलेली असते.

कॅलिपरच्या स्लाइड पिन काढून साफ करा आणि ब्रेकसाठीच्या सिलिकोन ग्रीसने बसवा, साधं ग्रीस रबर फुगवतं. पिन अडकली की एकच पॅड घासतो, तिरका झिजतो आणि तीच बाजू आधी तापते. स्टीलच्या विणीचे होज हवे असतील तर घ्या, पेडल कडक लागेल, पण ऑईल उकळायचं ते थांबवत नाहीत. बसवताना तांब्याचे वॉशर नवे, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होज ताणला जात नाही ना ते पाहा.

मागच्या ड्रमना डिस्क करायचा विचार सोडा. मागचे ब्रेक एकूण कामाच्या तीस टक्क्यांच्या आसपासच काम करतात आणि तुमच्या तक्रारीचं कारण तिथे नाही. बदललं तर हँडब्रेकची केबल, हब, पुढचा-मागचा तोल, एबीएसचं ब्रेकवाटपाचं गणित, सगळं हलतं. मागे जास्त जोर गेला की कडक ब्रेकिंगमध्ये मागची चाकं आधी सुटतात, आणि छोट्या गाडीत ते फार वाईट. तो पैसा वाचवून ड्रम उघडा, लायनरची धूळ साफ करा, व्हील सिलिंडर गळत नाही ना ते रबर उचलून पाहा, ॲडजस्ट करून घ्या.

मोठ्या पुढच्या ब्रेकची वेळ नंतर येईल. नवं ऑईल आणि चांगले पॅड घालूनही वीस मिनिटांच्या सेशनमध्ये पेडल खाली गेलं तर. बुद्धच्या एक किलोमीटरहून लांब सरळीच्या शेवटी १७० वरून ७० वर येताना डिस्क एकदम दीडशे अंशांच्या आसपास चढेल, तिथे ती गरज खरी होऊ शकते. तेव्हाही सहा पिस्टनचं महागडं किट नको. याच घराण्यातल्या गाड्यांवर येणारी २८८ मिमी व्यासाची, २५ मिमी जाडीची डिस्क आणि तिचे कॅलिपर-ब्रॅकेट पुरतात. रिममध्ये बसेल का, ते आधी पुठ्ठ्याचा साचा कापून तपासा.

तोवर गाडी चालवण्यातला एक बदल फुकट आहे. दोन-तीन फेऱ्या जोरात, एक फेरी ब्रेक न तापवता, मग पुन्हा जोरात. शेवटची फेरी नेहमी गार करणारी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, पी मध्ये टाकून चाकामागे लाकडाचा ठोकळा ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल चालू असताना तो आतल्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतो, ती उष्णता वेगळीच. वळणातून बाहेर पडताना लवकर ॲक्सिलरेटर दाबला की पुढच्या ब्रेकवर हा छुपा भार येतो. तरी तो बंद करू नका, पाय शांत ठेवा. तुमचा डीएसजीही कोरड्या क्लचचा आहे, पिटच्या रांगेत गाडी इंच-इंच सरकवत राहिलात तर क्लच उगाच तापतो.

टायरबद्दल थोडक्यात. बाजूच्या भिंतीवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच वर्षांहून जुना टायर असेल तर शॉकअपला हात लावायच्या आधी तो बदला. टायर थंड असताना हवा २८ पीएसआयच्या आसपास ठेवून सुरू करा, सेशननंतर लगेच मोजा. गरम झाल्यावर ३३-३४ येईल असं जमवा. नाशिकहून निघताना भरलेला आकडा तिथल्या दुपारी उपयोगाचा नाही.

आता सस्पेन्शन, ज्याच्यावर तुमचं मन बसलंय. नाशिकमध्ये सस्पेन्शनची जाण असलेले मिस्त्री आहेत, रॅली ऑफ महाराष्ट्र इथे झालेली आहे. पण मातीवरच्या रॅलीच्या गाडीला लांब ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली व्हायला जागा) हवा असतो, उंच बसायचं असतं, खड्ड्यात चाकाने खाली जाऊन पुन्हा जमीन पकडायची असते. सर्किटला उलटं हवं. त्यामुळे रॅलीची गाडी छान बनवणाऱ्याला तुम्ही ‘ट्रॅकसाठी करा’ एवढंच सांगितलंत तर घोळ होईल. डांबरावर, किती उंची, किती कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल; उणे म्हणजे वरचं टोक आत), हे आकड्यात सांगा.

कापलेल्या स्प्रिंगचं काय होतं? स्प्रिंगचा कडकपणा कामाच्या वेटोळ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहातलं एक कापलं तर ती वीस टक्के कडक होते. कडक झाली, पण मोकळी लांबी घटली, टोक सपाट राहिलं नाही, आणि गाडी उचलली किंवा चाक हवेत लटकलं की ती आपल्या बैठकीतून निसटू शकते. खाली आल्यावर ती तिरकी बसते. शॉकअप मात्र जुनाच, मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला. कडक स्प्रिंगला परत येताना आवरायला रिबाउंड जास्त लागतो, तो जुन्यात नाही, म्हणून गाडी प्रत्येक उंचवट्यावर दोन-तीनदा उसळते.

विकतची लोअरिंग स्प्रिंग जुन्या शॉकअपवर घातली तरी अर्धा त्रास तोच. गाडी ३५ मिमी खाली आली म्हणजे वर जायच्या ट्रॅव्हलमधले ३५ मिमी आधीच खर्च झाले. जोराच्या वळणात बाहेरचा पुढचा शॉकअप बम्पस्टॉपवर (ट्रॅव्हल संपतो तिथल्या रबरी अडसरावर) टेकतो, त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, टायर सुटतो, आणि नाक बाहेर जातं. तुमच्या तक्रारीत भरच पडेल. हे आपल्या डोळ्याने पाहायचं तर शॉकअपच्या चकचकीत दांड्याला एक नायलॉनची टाय बांधा, अंगाला लागून पण सरकेल अशी. एक सेशन करून या आणि ती कुठवर ढकलली गेली ते पाहा. बम्पस्टॉपमध्ये घुसलेली असेल तर उत्तर मिळालं.

दुसरी चाचणी गाडीखाली वाकून. लोअर आर्म चाकाकडे किंचित खाली किंवा आडवा असायला हवा. गाडी फार खाली बसवली की तो चाकाकडे वर चढतो. मग तुमच्या गाडीच्या पुढच्या, मॅकफर्सन स्ट्रटच्या रचनेत रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं, गाडी खाली आली तरी कलते जास्त, आणि कलताना टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. ड्राइव्हशाफ्टचा कोनही बिघडतो. म्हणून २५ ते ३० मिमी, त्यापुढे नाही. शिवाय आपल्या कॉलन्यांतले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत.

घ्यायचं ते जोडीने जमवलेलं किट. बिल्स्टाइन बी १२ मध्ये बी ८ शॉकअप आणि आयबाखच्या त्यांना साजेशा स्प्रिंग एकत्र येतात. उंची कमीजास्त करायची हौस असेल तर बी १४ किंवा केडब्ल्यू व्हेरिएंट १. कंप्रेशन आणि रिबाउंड वेगवेगळे फिरवता येणारे व्हेरिएंट ३ तुम्हाला आज नकोत, दोन ट्रॅक डेमध्ये त्या बटणांची योग्य जागा सापडत नाही आणि चुकीच्या जागी ती साध्या किटहून वाईट. उरलेल्या पैशात चांगलं किट बसत नसेल तर या वर्षी शॉकअपला हात लावू नका, पुढच्या वर्षी लावा.

टायरच्या बाहेरच्या कडा खाल्ल्या त्याचं थेट औषध म्हणजे कॅम्बर. कंपनीच्या सेटिंगमध्ये तो उणे अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. ट्रॅकवर पुढे उणे दोन ते अडीच हवा, रोजची गाडी असेल तर उणे दोनवर थांबा. त्यासाठी ॲडजस्टेबल टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक धरणारे, सरकवता येणारे भाग) लागतात, थोडा खडखडाट येतो. पुढचा टो (वरून पाहताना चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) शून्य. मागच्या बीमला सहज फिरवता येईल असं काही नाही, फक्त दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नाक बाहेर जाण्यावर मागचा अँटिरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी) हा मोठा उपाय आहे, पण तो सर्वात शेवटी, आणि मऊ सेटिंगवर. पावसात त्र्यंबक रोडवर वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागचं बूड सुटायला तोच कारण होतो.

बसवताना एक चूक हमखास होते आणि किटला शिव्या पडतात. आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर, चाकं लटकलेली असताना घट्ट करू नका. रबर त्या लटकत्या स्थितीत आवळलं जातं, मग गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, थोडी पुढे-मागे ढकला, मग टॉर्क रेंचने आवळा. सेल्फ-लॉकिंग नट, टॉप माउंटचं बेअरिंग, बम्पस्टॉप नवे. एबीएसची वायर आणि ब्रेक होज मूळच्या क्लिपमध्येच. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटर, ५० किलोमीटरनंतर आणि ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर गार झाल्यावर पुन्हा तपासा. उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, टायरच्या हवेने ती बदलत नाही.

एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाहीत, त्यामुळे जुने सुटे भाग फेकू नका. आणि शर्यत किंवा वेगचाचणीतल्या नुकसानीला नेहमीची विमा पॉलिसी लागू होत नाही, ट्रॅकवर जे तुटेल ते तुमच्या खिशातलं.

तर दीड लाखातले पहिले तीस-पस्तीस हजार ऑईल, पॅड, डिस्क आणि ड्रमच्या साफसफाईला ठेवा. मग चार टायर. मग उरेल त्यात किट आणि टॉप माउंट, नाहीतर वाट पाहा. अलाइनमेंट करताना तुमच्या वजनाइतकी वाळूची किंवा सिमेंटची पोती ड्रायव्हरच्या सीटवर ठेवा, टाकी अर्धी भरा, आणि मशीनचा छापील कागद मागून घ्या. पुढच्या ट्रॅक डेनंतर टायर कसे झिजले त्याच्या शेजारी तो कागद ठेवून आम्हाला पुन्हा लिहा. टायरच्या तिन्ही भागांचं, आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या, तापमान सेशन संपल्याबरोबर मोजून पाठवलंत तर कॅम्बर किती फिरवायचा ते आकड्यात सांगता येईल.